हौदावरच्या अठरा जणांचं मतदान

सूत रंगवायच्या कारखान्यात त्याला सगळे ‘मतदार’ म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. वॉर्डातली निवडणूक जाहीर झाल्यापासून जेवणाच्या सुट्टीत त्याने एकच टुमणं लावलं होतं. यादीत नाव आहे का बघा, नसेल तर फॉर्म भरा, मी बरोबर येतो. हौदावरचे लोक भाकरीबरोबर त्याचं भाषणही गिळायचे आणि म्हणायचे, ‘‘झालं का, मतदार? आता पाण्याची बाटली दे इकडे.’’

पाण्यासाठीच तर सगळं चाललं होतं. कारखान्याचं रंगीत सांडपाणी उघड्या नाल्यातून त्याच्या गल्लीमागून वाहायचं, आणि गल्लीचा हातपंप त्या नाल्यापासून वीस पावलांवर होता. कारखान्यात आज कुठला रंग चालू आहे, ते गल्लीतल्या बायका बादलीत बघून सांगायच्या. वर्षभरात त्याच्या चार वर्षांच्या नातीच्या डोक्यात फोड झाले, केस मुठीने गळायला लागले. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोन दिवस घरी. एक दिवस सून शांतपणे म्हणाली, ‘‘बाबा, मी हिला घेऊन माहेरी जाते. इथे ही टिकायची नाही.’’

नातीशिवाय त्या घरात त्याला होतंच काय? तो काकुळतीला आला. ‘‘निवडणूक होऊ दे गं. बाई निवडून आल्या की नाला बंद होणार. मी शब्द देतो तुला.’’

बाई म्हणजे गल्लीतल्या शाळेच्या शिक्षिका. त्यांच्याविरुद्ध उभा होता कारखान्याच्या मालकाचा मेहुणा. त्याने तो नाला कधी नाकाने हुंगला नव्हता, पण तो उघडा राहण्यात किती फायदा आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. सुनेने निकालापर्यंत थांबायचं कबूल केलं. भरलेली बॅग मात्र तिने रिकामी केली नाही, तशीच कोपऱ्यात उभी ठेवली.

मतदाराने आयुष्यात पाच-सहा वेळा मत दिलं होतं, पण तेव्हा तो सुताच्या गोदामात हमाल होता. पाठ गेली म्हणून चार वर्षांपूर्वी त्याला हौदावर टाकलं. हौदावरचं काम म्हणजे कढत रंगात सुताच्या लडी बुडवायच्या, फिरवायच्या, काढायच्या. रबरी हातमोजे वर्षातून एकदा मिळायचे आणि पंधरा दिवसांत फाटायचे. मग बोटं काळीनिळी होतात आणि नखांच्या मुळाशी रंग कायमचा मुक्कामाला येतो. घरात लग्न निघालं तर ही माणसं ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात बुडवून बसतात, म्हणजे चार दिवस हात जरा बरे दिसतात. एरवी त्या बोटांकडे कुणाचं लक्ष जात नाही. मतदाराचंही गेलं नाही, आणि तिथेच त्याची गफलत झाली.

मतदानाच्या दिवशी खरं तर सुट्टी असायला हवी. मुकादम म्हणाला, ‘‘ऑर्डर अडलीय. ज्याला जायचंय त्याने जेवणाच्या तासात जाऊन यावं.’’ मतदाराने सतरा जणांना भरीस घातलं. एकेकटे गेलो तर रांगेत कुणी पुढे येऊ देणार नाही, अठराजण एकदम जाऊ. सगळ्यात जुना कामगार होता म्हातारबा. तो तेवढा पाय मागे घेत होता. ‘‘मला नको नेऊस,’’ एवढंच म्हणे, कारण सांगेना.

‘‘जन्म हौदात काढलास, एक दिवस माणसांत ये,’’ मतदार म्हणाला. म्हातारबा मान खाली घालून निघाला.

केंद्र शाळेतच होतं. मतदार सगळ्यांत पुढे. यादीत नाव सापडलं, ओळखपत्र जुळलं. त्याने मोठ्या ऐटीत डावा हात पुढे केला आणि शाई लावणारे साहेब थांबले. त्यांनी चष्मा वर केला, बोट उलटंसुलटं करून बघितलं.

‘‘शाई आहे की याला आधीच.’’

‘‘शाई नाही साहेब, रंग आहे. आम्ही डाइंगमधले.’’

‘‘दुसरं बोट दाखवा.’’ त्याने दहाही दाखवली. दहाही सारखीच. मागचे सतरा हात बघितले, तेही तसेच.

भिंतीकडेला मेहुण्याचा एजंट बसला होता. तो कोण, तर कारखान्यात रोज सकाळी यांची हजेरी घेणारा कारकून! तो उठला. ‘‘माझी हरकत आहे. अठरा माणसं, अठरा जणांच्या बोटांवर खूण. बोगस मतदान चाललंय.’’

‘‘अहो, तुम्ही रोज आमची हजेरी घेता! या हातांनीच तर सह्या करतो आम्ही!’’

‘‘इथे मी हजेरी घ्यायला बसलेलो नाही,’’ कारकून म्हणाला.

बाईंच्या बाजूने बसलेली मुलगी भांडभांड भांडली. साहेब काही वाईट माणूस नव्हते, भित्रे होते. अशा माणसाच्या हातात नियम पडला की तो त्याच्या आड लपतो. ‘‘बोट स्वच्छ असल्याशिवाय मला देता येणार नाही,’’ ते म्हणाले. रांगेतले लोक माना वळवून बघायला लागले. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला आणि सतराजण परत हौदावर गेले.

मतदार गेला नाही. अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून तो धुण्याच्या मोरीत बसला. लग्नाला जेवढी पावडर घेतात त्याच्या दुप्पट त्याने बादलीत ओतली आणि डावा हात बुडवून ठेवला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी काढला नाही. काढला तेव्हा बोटाची साल निघाली होती. केंद्र बंद व्हायला अर्धा तास असताना तो पुन्हा साहेबांपुढे उभा राहिला.

बोट लालभडक, ओलं. नखाच्या मुळाशी मात्र काळी रेघ तशीच.

‘‘पावडरचा वास बघा साहेब,’’ कारकून म्हणाला. ‘‘शाई पुसून दुसऱ्यांदा आलाय. हा गुन्हा आहे.’’

साहेबांनी मतदाराकडे बघितलंच नाही. खाली बघत हळूच म्हणाले, ‘‘जा तुम्ही. नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल.’’

तो बाहेर आला. त्याला लाज वाटत होती, आणि आपल्याला का म्हणून लाज वाटावी याचा संताप येत होता. पाळी संपवून आलेला म्हातारबा पायरीवर बसला होता.

‘‘तीस वर्षांपूर्वी मलाही असंच हाकललं,’’ तो म्हणाला. ‘‘भर रांगेत चोर म्हणाले. घरी गेलो तर बायकोने बोट बघितलं आणि खूश झाली. म्हटलं, आलो मत देऊन. तेव्हापासून दर वेळी तेच सांगतो.’’

‘‘मग सकाळी बोलला का नाहीस?’’

‘‘असलं कोण सांगतं? आणि विचारतं तरी कोण?’’

दोन दिवसांनी निकाल लागला. बाई दोनशे सहा मतांनी पडल्या.

सूनबाईने बॅग उचलली. नात आजोबांचा हात धरायला आली, पण बोटावर पट्टी होती, म्हणून तिने मनगट धरलं. सुनेने पट्टीकडे बघितलं. पट्टीच्या टोकाशी नखाच्या मुळाची काळी रेघ दिसत होती.

‘‘तुम्ही तरी मत दिलंत ना, बाबा?’’

हो म्हणणं सोपं होतं. बोट साक्षीला होतंच. म्हातारबाने तीस वर्षं तेच केलं होतं.

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘देऊ दिलं नाही मला. जा तू, घेऊन जा हिला.’’

गल्लीच्या टोकाशी त्या दिसेनाशा झाल्या, तसा त्याने दाराला कुलूप लावलं. त्या वॉर्डात त्याचा धरून अकरा रंगाचे कारखाने होते. पाळी सुटायच्या वेळी तो शेजारच्या कारखान्याच्या फाटकावर उभा राहिला. पट्टीचा हात वर करून मोठ्याने म्हणाला, ‘‘मला बोट बघून परत पाठवलं. तुमच्यातलं कुणी गेलं होतं का? की या बोटांपायी गेलाच नाहीत? ज्याचं मत राहिलं त्याने हात वर करा.’’

मग मागच्या एकाने खिशातून काळा हात काढला आणि वर केला. त्याच्या शेजारच्याने इकडेतिकडे बघितलं आणि त्यानेही केला. मतदार मोजायला लागला. दुसऱ्या दिवशी तो पुढच्या फाटकावर गेला, तिसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या. त्या तिसऱ्या फाटकावर आकडा दोनशे सहाच्या पुढे गेला, आणि अजून सात कारखाने बाकी होते.