वरातीतला क्लच

पुतण्याच्या लग्नाच्या वीस दिवस आधी मी नवी गाडी घेतली. हौस म्हणून नाही. जुनीला पंधरा वर्षं झाली होती आणि पुन्हा पासिंग करायचं तर दहा कामं निघाली असती, म्हणून ती काढून टाकली. जुनीचा क्लच दाबायला जड होता, पण पायाला कळायचा. पाय जरा उचलला की तळापासून दोन बोटांवरच गाडी पकडायची. नव्या गाडीचा क्लच इतका हलका की आपण तो दाबलाय की नाही याचाच पत्ता लागत नव्हता. पाय वर येत राहायचा, गाडी ढिम्म. अगदी शेवटी, गुडघा स्टेअरिंगजवळ आला की ती एकदम पकडायची. मग एकतर उडी मारायची नाहीतर बंद पडायची. शाळेत शिकवायला जाता-येता मागच्या रिक्षावाल्यांचे हॉर्न मी रोज ऐकत होतो. सगळे म्हणायचे, सवय होईल.

लग्न वाशीमला, मी राहतो तिथेच, मुलीकडे होतं. तिथून संध्याकाळी नवरा-नवरीला आमच्या गावी, रिठदला आणायचं आणि गावात वरात काढायची, असं ठरलं होतं. रिठदला माझे थोरले भाऊ, म्हणजे नवरदेवाचे वडील, शेती बघतात. आमचे वडील लवकर गेले तेव्हा त्यांनी स्वतःची शाळा सोडली आणि मला शिकवलं. त्यांना नाही म्हणायची मला सवयच नाही.

"वरातीले तुही नवी गाडी घेऊ," ते म्हणाले. "अन् चालवजो तूच. घरचं माणूस पाह्यजे."

"भाऊ, गाडी अजून हाती बसली नाही."

"पंधरा वर्सं चालोली ना? मंग?"



वाशीमहून रिठदपर्यंत काही त्रास झाला नाही. मोकळ्या रस्त्यावर क्लचचं काम कितीसं. नवरीसोबत पाठराखीण म्हणून आलेली तिची आत्या तेवढी उलट्यांनी बेजार झाली आणि वाटेतच मागच्या मोठ्या गाडीत जाऊन आडवी झाली. गावाच्या तोंडाशी डीजेची गाडी तयार उभी होती. दिवस मावळत होता. माझ्या गाडीच्या बॉनेटवर झेंडूच्या माळा बांधलेल्या, काचांवर चिकटपट्ट्या. समोर डीजे, त्याच्यामागे ताशेवाले, त्यांच्यामागे नाचणारी माणसं, आणि त्यांच्या पाठीला जवळजवळ लागून माझा बंपर.

चार पावलं चालायचं आणि थांबायचं, असं सुरू झालं. पहिल्या पन्नास फुटांत गाडी तीनदा बंद पडली. पोरं हसली. मी क्लच अर्ध्यावर धरून ठेवायला लागलो, तर थोड्या वेळात जळका वास आत आला. डावी मांडी थरथरायला लागली. पुतण्याला त्याच्या मित्रांनी दार उघडून नाचायला ओढून नेलं आणि दार परत लावून घेतलं. गाडीत मी आणि मागच्या सीटवर पदर डोक्यावर घेतलेली नवी सून, एवढेच राहिलो. तिच्याशी मी तोवर दोन वाक्यंही बोललो नव्हतो.

मग मारुतीच्या देवळाच्या अलीकडे ते झालं. मी पाय उचलत होतो, उचलत होतो, आणि गाडीने वीतभर उडी घेतली. एका ताशेवाल्याच्या पोटरीला बंपर लागला. तो म्हातारा माणूस होता. त्याने वळून पाहिलं आणि वाजवता वाजवताच बाजूला सरकला. त्याच्या बाजूला दोन लहान मुली नाचत होत्या.

मी हॅन्डब्रेक ओढला आणि ठरवलं की आता उतरायचं. दुसऱ्या कोणाला तरी बसवायचं. पण दार चार बोटांच्या वर उघडेना. दोन्ही बाजूंनी माणसं गाडीला टेकून उभी होती. मी आतून थापा मारल्या. त्यांना वाटलं मी ताल धरतोय. एकाने हसून बाहेरून तशाच थापा मारल्या. कधी नव्हे ती मला त्या गाडीची भीती वाटली.

तेवढ्यात भाऊ गर्दीतून काचेशी आले. मी काच खाली घेतली.

"काय लावलं हे? लोकं पाहून राह्यले."

"भाऊ, मले उतरू द्या. दुसरा कोणी बसवा."

"वरातीच्या मधात गाडी बदलत असतेत काय? चाल पुढं." आणि ते गेले.

मी काच वर घेतली. मागून आवाज आला, "काकाजी, राग नका मानू. एक सांगू काय?"

"सांग ना, बेटा."

"तुमचा गुडघा स्टेअरिंगले लागून राह्यला. सीट दोन खाचा मागं घ्या. अन् अख्खा पाय उचलू नका. टाच खाली टेकून ठेवा, नुसता पंजा वर येऊ द्या."

मी सीट मागे सरकवली. टाच टेकवली.

"आता ॲक्सिलेटर देऊच नका. हे गाडी आपोआप निघते. निघाली की क्लच पुरा सोडा, अन् थांबाची तर पुरा दाबा. अर्ध्यावर नका धरू, त्यानंच जळते."

मी पंजा सावकाश वर घेतला. एका जागी गाडी किंचित थरथरली. ते थरथरणं मला वीस दिवसांत पहिल्यांदाच पायात जाणवलं. गाडी माणसाच्या चालीने पुढे निघाली. मी क्लच दाबला, ती थांबली. पुन्हा सोडला, पुन्हा निघाली.

"तुले कसं माहीत?" मी आरशात बघून विचारलं.

"बाबाची हेच गाडी हाये. दोन वर्सं त्याईले अकोल्याले दवाखान्यात मीच नेत होती."

"मंग तूच बस इथं," मी म्हणालो. थट्टेत म्हणालो, पण अर्धं मनापासून होतं.

ती हसली नाही. "इकडं कोणाले माहीत नाही मले गाडी येते म्हणून. यायले, तुमच्या पुतण्याले, माहीत हाये फक्त. ते म्हने, आत्ताच सांगू नको."

"काहून?"

"नाही विचारलं मी."

तिच्या बाजूच्या काचेला कोणीतरी नाक लावून आत पाहिलं. तिने पदर पुढे ओढला. दार तिचंही उघडत नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पुढचा पाऊण तास गाडी एकदाही बंद पडली नाही.

घरी पोचल्यावर भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "देवळापासून झकास चालोली याने." मी सांगायला हवं होतं. ओवाळणीचं ताट समोर होतं, बायका उंबऱ्यावर माप ठेवत होत्या, आणि मी पाणी पीत उभा राहिलो.

दोन महिन्यांनी भाऊ, वहिनी आणि सून वाशीमला माझ्याकडे आले. पुतण्या कामानिमित्त बाहेर होता. परत सोडायला निघताना अंगणात मी किल्ली तिच्यापुढे धरली आणि म्हणालो, "भाऊ, हिले गाडी चांगली येते. आज हे चालवन. वरातीत मले हिनंच शिकोलं."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "असं काय?" एवढंच म्हणाले आणि चपला घालायला लागले.

ती किल्लीकडे बघत होती. मग म्हणाली, "राहू द्या काकाजी. पुन्हा कधी."

मी आग्रह केला नाही. ती वहिनींच्या बाजूला मागे बसली, भाऊ पुढे बसले. मी टाच टेकवून गाडी काढली. आता ती न हिसकता निघते. रिठदपर्यंत भाऊ तुरीबद्दल बोलत होते आणि मी हूं, हूं करत होतो.