अंदमानला नेलेला डबा

भाटघर धरणाच्या पाण्यावर होडी चालवणारा तो माणूस कुठल्याच प्रश्नाला लगेच उत्तर देत नसे. आधी पत्र्याच्या डब्यानं होडीत झिरपलेलं पाणी तीनदा बाहेर टाकी, मग बोले. पलीकडच्या शाळेत मी मास्तर. रोजचं जाणं त्याच्याच होडीतून. मेच्या सुटीत अंदमान पाहायचं ठरलं, तेव्हा नकाशा मी तिथंच पसरला. मद्रासहून मोठी बोट, पुढं बेटाबेटांवर जायला लहान लाँच. त्यानं तीन डबे पाणी फेकलं.

"गुरुजी, त्या बोटीत पानी कुटनं शिरतं?"

"अहो, ती लोखंडी असते."

"लोखंड बी गंजतंय की."

सुटीआधीच्या शेवटच्या दिवशी त्यानं तो डबाच माझ्या हातात ठेवला. "राहू द्या संगं."

मला हसू आलं, पण नेला. सगळ्या बेटांवर हिंडवला; कुठंच लागला नाही.

जूनमध्ये परतलो, तर हा ओंजळीनं पाणी उपसत होता.

"दुसरा डबा नाही मिळाला?"

या खेपेला तो लगेच बोलला.

"दुसरा घेतला आस्ता, म्हंजे तुमी आता येत न्हाई, आसं म्याच धरल्यागत झालं आस्तं."