मंजूषाताई आणि ग्राट्सचं घड्याळ

पडदा वर जातो, तेव्हा हॉलंडमधल्या कापेल आन डेन आयसेल गावातलं एक स्वयंपाकघर उजळतं. खिडकीबाहेर कालवा, कालव्यावर दोन आळशी बदकं, आणि आत त्या बदकांच्या आळसाची भरपाई करत असल्यासारखी लगबगणारी मंजूषाताई. ओट्यावर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, खुर्चीवर उघडी बॅग, टेबलावर लॅपटॉप. लॅपटॉपवर ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहराचा नकाशा, आणि त्यावर इतक्या लाल खुणा, की शहराला गोवर आलाय असं वाटावं.

बाई पंचावन्नची. जन्म साताऱ्याचा. वडील एसटीत कंट्रोलर. त्यांनी शिट्टी फुंकली की गाडी हलायची, मग मागे राहिलेला प्रवासी धावो नाहीतर रडो. वडील निवृत्त झाले, पण ती शिट्टी लेकीच्या गळ्यात राहिली. नवरा राजन आणि कडेवरची मुलगी यांच्यासह ती हॉलंडला आली. झुइडास या कचेऱ्यांच्या भागातल्या ऑफिसात सॉफ्टवेअरची कामं वेळेवर पोचवायची ही तिची नोकरी, आणि मराठी मंडळाची सहल वेळेवर पोचवायची हा तिचा धर्म. "उतरा, फोटो काढा, चढा!" तिच्या सहलीत कुणी कधी हरवलं नाही, कुणी उपाशी राहिलं नाही. फक्त काय पाहिलं, ते घरी आल्यावर कुणाला सांगता येत नसे. आणि तरीही मंडळात कुणी आजारी पडलं, तर पहिला फोन जायचा तो तिलाच. डॉक्टरच्या आधी पोचायची ती.

ऋता ही तिची एकुलती एक. डेल्फ्टला शिकली, आणि आता ग्राट्सच्या विद्यापीठात संशोधनाला निघाली होती. "मी सोडायला येते," असं आई म्हणाली, तेव्हा तिने लॅपटॉपवरच्या लाल खुणांकडे बोट दाखवलं.

"आई, तू दोन दिवसांत अख्खं शहर उरकून टाकशील. मला तिथे राहायचंय गं."

"मग काय, तिथे येऊन नुसती बसू?"

"हो! एक दिवस. फोन आणि घड्याळ माझ्याकडे. रुस्तिख!"

रुस्तिख म्हणजे निवांत. लेक शाळेत असल्यापासून हा डच शब्द आईवर फेकत आली होती.

"आणि नाही जमलं तर?"

ऋता बॅगेची चेन लावत राहिली. "तर मीच इकडे येत जाईन. तू नको येऊस."

राजनने चहाच्या कपात तोंड लपवलं. मंजूषाताई "बरं" म्हणाली खरी, पण पुऱ्यांच्या डब्याचं झाकण तिने दोनदा उघडून परत लावलं. लेकीच्या नव्या घराचं दार आपल्याला उघडं राहणार की नाही, हे आता एका दिवसावर आलं होतं. तरी सवय कुणाला सुटलीय? ऋता आंघोळीला गेली, तेवढ्यात बाईंनी ग्राट्सच्या वेशीबाहेरच्या राजवाड्याची दोन तिकिटं काढून ठेवली. त्याच दिवसाची, दुपारी साडेतीनची. एकच तर ठिकाण. एकाने काय होतंय?

ग्राट्समध्ये तो दिवस लख्ख उजाडला. मनगट मोकळं, पर्स हलकी. मंजूषाताई सारखी डाव्या हाताकडे बघायची आणि काहीच न दिसून पदर सावरावा तशी ओढणी सावरायची. बाजारात ऋता एका भोपळेवालीशी मोडक्या जर्मनमध्ये बोलत उभी राहिली. आईला एकदा म्हणावंसं वाटलं, 'चला, चढा!' तिने ओठ मिटले. मग दोघी खडकातल्या पायऱ्या चढून शहराच्या मधोमध असलेल्या टेकडीवर गेल्या.

वर घड्याळाचा जुना मनोरा, आणि त्याच्या पायथ्याशी कॅफे. खाली लाल कौलांचा समुद्र, त्यातून वाहणारी मूर नदी. मंजूषाताईने हळूच मनोऱ्याकडे नजर टाकली. मोठा काटा तीनवर, छोटा दोनवर. सव्वादोन! तिचा जीव भांड्यात पडला. साडेतीनला भरपूर अवकाश होता.

"सांग बाई, तुला काय हवं ते सांग," ती ऐसपैस बसत म्हणाली.

ऋताने आइस्क्रीम मागवलं. त्यावर काळपट हिरवं तेल ओतलेलं.

"अगं, आइस्क्रीमवर फोडणी?"

"भोपळ्याच्या बियांचं तेल आहे. खाऊन तर बघ."

मंजूषाताईने चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "कारळ्याच्या चटणीची आठवण झाली गं. माझी आत्या करायची." मग आत्या निघाली, आत्याचं स्वयंपाकघर निघालं, एसटीच्या स्टँडावर वडिलांची वाट बघणारी परकरातली मंजू निघाली. ऋता हनुवटीखाली हात घेऊन ऐकत राहिली. आणि मग एकदम म्हणाली, "आई, मला भीती वाटतेय. विद्यापीठात सगळे माझ्यापेक्षा हुशार असतील. मला नाही जमलं तर?"

एरवी आईने तिथल्या तिथे पाच उपाय सांगितले असते. आज तिने फक्त खुर्ची जवळ ओढली आणि लेकीचा हात हातात घेतला. बोटं गार पडली होती. ती उबदार होईपर्यंत तिने हात सोडला नाही.

बऱ्याच वेळाने मंजूषाताईने मान वर केली आणि दचकली. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. अशा भर उन्हात!

"ऋता, हे घड्याळ बिघडलंय!"

कप उचलायला आलेला वेटर हसला. बिघडलेलं नाही, म्हणाला. पूर्वी याला एकच काटा होता, तासांचा, लांबून दिसावा म्हणून मोठा. मिनिटांचा काटा मागाहून बसवला, म्हणून तो छोटा. सगळे पाहुणे फसतात.

मंजूषाताईने मनातल्या मनात काटे उलटे केले. चार वाजत आले होते. म्हणजे बसल्या तेव्हाच तीन वाजून गेले होते! चेहरा असा उतरला, की ऋता घाबरली.

"काय झालं आई?"

"तिकिटं... राजवाड्याची. साडेतीनची." आवाज अगदी बारीक झाला होता. "तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा काढली."

ऋताची मुद्रा कठोर झाली. तिने आईचा फोन आपल्या पर्समधून काढला आणि टेबलावर ठेवला. "घे. शेवटचा गट असेल अजून. टॅक्सी केली तर मिळेल."

मंजूषाताईने फोनकडे पाहिलं. गळ्यातली शिट्टी ओठांपर्यंत आली होती. मग तिने एका बोटाने फोन हळूच लेकीकडे परत सरकवला.

"राजवाडा काय, पळून जातोय? मला अजून एक आइस्क्रीम सांग. आणि तेल जरा जास्त."

ऋताने फोन परत पर्समध्ये टाकला. मग अशी खदखदून हसली, की शेजारच्या टेबलावरचे आजोबाही कारण न कळता हसू लागले. "कंट्रोलरच्या मुलीला घड्याळ वाचता येईना!" आणि डोळे पुसता पुसता म्हणाली, "डिसेंबरमध्ये ये. बाबांनाही आण. तेव्हा बघू राजवाडा. कदाचित."

परत आल्यावर मंडळाच्या बैठकीत, सहलीला नेहमी येणाऱ्या कुणालने विचारलं, "काय मंजूषाताई, ग्राट्समध्ये काय काय कव्हर केलंत?"

सगळ्यांनी लांबलचक यादी ऐकायची तयारी केली. मंजूषाताईने चहाचा घोट घेतला, कप सावकाश बशीत ठेवला आणि म्हणाली,

"एक घड्याळ बघितलं रे. तेही चुकीचं वाचलं. बाकीचं शहर अजून राहिलंय, पण लेकीने परत बोलावलंय मला."