कोट्यातली रम आणि उजवा कान

हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही: माझ्या सासऱ्यांना गावात दारुडं ठरवलं ते मी.

मामा, म्हणजे माझे सासरे, निवृत्त सुभेदार, इस्लामपूरजवळच्या एका गावात राहतात. आयुष्यात थेंब घेतला नाही. मिलिटरी कॅन्टीनच्या कोट्यात मिळणारी त्यांची रम दर महिन्याला साताऱ्याला माझ्याकडे येते, पिशवीत खाली बाटली आणि वर शेवग्याच्या शेंगा.

गावच्या शाळेत झेंडा नेहमी मामांनीच चढवायचा. गेल्या सव्वीस जानेवारीला सलामी देताना त्यांनी मान वर केली आणि असे काही उजवीकडे कलले की थेट हेडमास्तरांच्या अंगावर गेले. मी मागच्या रांगेत होतो. शेजारच्याच्या कानाशी लागून म्हणालो, "मामांनी आज कोटा सकाळीच उघडलेला दिसतोय."

पोरकटपणा, दुसरं काय. पण लय खपला. संध्याकाळी तो विनोद गावभर फिरून माझ्याकडेच परत आला तेव्हा एका बाटलीच्या दोन झाल्या होत्या. पंधरा ऑगस्टला शाळेनं झेंड्यासाठी दुसऱ्याला बोलावलं. मामा इस्त्रीचा कोट घालून घरातच बसून राहिले.

तोल जाणं थांबेना म्हणून मिरजेला कानाच्या दवाखान्यात त्यांना मीच घेऊन गेलो. तपासणाऱ्या मुलीनं विचारलं, चक्कर येते का? मामा म्हणाले, रोज सकाळी उसाकडं मारतो की एक.

मग तिनं त्यांना आडवं केलं आणि डोळ्यांवर जाडजूड काळा चष्मा बांधला. चष्म्यात कॅमेरा. समोरच्या पडद्यावर मामांचा डोळा ताटाएवढा दिसायला लागला. कानात कोमट पाणी सोडलं की डोळा आपोआप झुलतो. झुलला नाही तर त्या कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सुस्त पडलंय असं समजायचं. तेवढा वेळ पेशंटचं मन जागं राहावं म्हणून त्याला बोलतं ठेवतात.

"आजोबा, पाहुण्यांची गावं सांगत राहा," ती म्हणाली.

डाव्या कानात पाणी गेलं, डोळा झोके घ्यायला लागला. "कोरेगाव. थोरला जावई. पीत न्हाई, म्हणून बोलत बी न्हाई."

"पुढचं?"

"सातारा. धाकटा जावई. माजी रम पितो आन् मलाच दारुडा म्हणतो."

"थांबू नका आजोबा, पुढचं गाव?"

मी तिथंच, पडद्याला चिकटून उभा होतो. ते मामांच्या ध्यानात होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

उजव्या कानात पाणी सोडलं तेव्हा डोळा जवळजवळ हललाच नाही. डॉक्टर म्हणाले, उजवा कान कमजोर आहे, व्यायामानं फरक पडेल. मामांनी विचारलं, "ह्येचा दारूशी काय संबंद?"

"काहीच नाही."

"जरा मोठ्यानं सांगा डॉक्टर. जावईबापूंना कमी ऐकू येतंय."

डॉक्टर भले माणूस. त्यांनी लगेच माझा कान तपासायची तयारी दाखवली.

तरीही त्या महिन्याची बाटली वेळेवर आली, आणि मी ती प्यालोही. आता ते व्यायाम करतात, बरे चालतात. पण गावाला कान माहीत नाही, कोटा तेवढा माहीत आहे. शाळेच्या पटांगणात सगळ्यांसमोर उभं राहून, ती रम मी पितो आणि ती अफवाही माझीच, एवढं सांगणं मी मामांना अजून देणं लागतो.