दारावरचा जांभळा गुलाब

मार्चमधल्या एका मंगळवारी विवेक गेला. कुवेतमधल्या अहमदी गावातल्या आमच्या घरातून त्याला इस्पितळात नेलं, तिथून विमानतळावर. नाशिकला अग्नी दिला. मी त्याच्याबरोबर गेले. घराची किल्ली शेजारच्या सुनंदाताईंकडे ठेवली.

कंपनीच्या त्या घराच्या दारावर विवेकने वेलगुलाब चढवला होता. जुन्या जातीचा, जांभळा. निवृत्त होऊन स्कॉटलंडला परतणाऱ्या एका सहकाऱ्याने त्याला काडी दिली होती. उन्हाळ्यात एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरून तो वेलाला घालायचा, धुळीच्या वादळात गोणपाट बांधायचा, कोवळ्या फांद्या जुन्या बनियनच्या पट्ट्यांनी चौकटीभोवती वळवायचा. हा गुलाब वर्षातून एकदाच फुलतो, मार्चच्या शेवटी, तोही आदल्या वर्षीच्या फांद्यांवर. लहान फुलांचे घोस, मधोमध पांढरा ठिपका. सुकताना जांभळा रंग राखेसारखा होत जातो. त्याच्यासाठी आम्ही मार्चमध्ये कधी भारतात गेलो नाही.

"फुलासाठी पुतणीचं लग्न बुडवलंस?" सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या.

"आई, तिचा नवरा वर्षभर दिसेल," विवेक म्हणाला. "हा नाही दिसणार."

तेरावं करून परतताना विमानात माझ्या मनात एवढंच होतं, की कळ्या उमलल्या असतील. कंपनी घर परत घेणार होती. विवेकच्या हातांनी बांधलेल्या फांद्यांचा हा शेवटचा बहर मला पाहायचा होता. टॅक्सीतून उतरले तर दार बोडकं. सुतकात तोरण काढतात, ते सुनंदाताईंनी काढलं होतं. त्याबरोबर माणूस बोलावून वेलही बुंध्यापर्यंत कापून टाकला होता. कचऱ्याच्या काळ्या पिशव्याही कधीच गेल्या होत्या.

"अगं, अख्खं दार जांभळं झालं होतं," त्या म्हणाल्या. "लग्नघरासारखं. लोक सांत्वनाला येणार, त्यांनी काय समजायचं?"

"गुलाब फुललाय, असं समजायचं."

"बरं, चहा घे आधी. वाढेल की परत."

"वाढेल. फुलेल पुढच्या मार्चमध्ये. तेव्हा इथे मी असणार आहे का?"

"मग सांगून ठेवायचंस ना."

"काय सांगून ठेवायचं, ताई? नवरा गेला तर माझ्या दाराला हात लावू नका, असं?"

त्यांनी कप उचलले आणि आत गेल्या. नंतर इथल्या मराठी मंडळातल्या बायका मला समजवायला आल्या. सुनंदाताईंनी केवढं केलं, डबे दिले, धावपळ केली. खरं आहे. डब्यांसाठी मी आजही त्यांची ऋणी आहे. पण त्यामुळे माझं दार त्यांचं होत नाही.

माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांना मी विचारते: हे 'लोक' कोण? आमच्या एका बाजूला फिलिपिनो कुटुंब होतं, समोर इजिप्शियन. तोरण काढायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. समोरच्या बाईंनी माझा हात हातात घेऊन एवढंच विचारलं, "फुलं कुठे गेली?" लोणची, भाजणी, गोडा मसाला यांच्याबरोबर आपण ते लोकही बॅगेत भरून आणले, आणि बाईच्या दारात उभे केले. माझ्याऐवजी विवेकच्या वाट्याला हे दुःख आलं असतं, तर त्याची बाग कोणी कापली असती का? त्याला म्हणाले असते, बागेत मन रमव.

आणि तिकडे राहिलेल्यांनो, तुम्हालाही सांगते. दिरांचा फोन दर आठवड्याला येतो, "वहिनी, आता तिथे काय उरलंय? परत या." माझी शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी त्यांच्या हिशेबात नाही. माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, त्या नोकरीवर आहे. विवेकच्या नोकरीवर कधीच नव्हता. तरी सगळे धरून चालले, की तो गेला म्हणजे माझं इथलं राहणंही संपलं.

कंपनीचं घर सोडलं तेव्हा बुंध्याला फुटवे आले होते. मी ते उपटून आणले नाहीत. नव्या बिऱ्हाडाला सांगून आले, हिवाळ्यात याला कात्री लावू नका.

आता मी कुवेतमध्येच, फरवानियात राहते. घर कुठे असं कोणी विचारलं, की इथलाच पत्ता सांगते. विवेकने बांधलेल्या फांद्यांचा बहर मी पाहिला नाही. त्याचा राग अजून आहे.