मेणातला तुकडा

झुंबरमामा पंचवटीच्या भाजीबाजारात हमाली करतात. वीस वर्षांत त्यांनी एकही क्रेट चुकीच्या गाळ्यावर ठेवलेलं नाही. अशा माणसावर आज मी लॅबमध्ये सगळ्यांसमोर ओरडले.

त्यांच्या मांडीतली गाठ काढून तीन महिने झाले. दोन डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिला दोन वेगळी नावं दिली. आता जनुकीय तपासणी झाल्याशिवाय नक्की काय ते कळणार नाही, औषधही ठरणार नाही. त्यासाठी मेणात बसवलेला गाठीचा तुकडा हवा. तो आम्ही डबीत घालून रिपोर्टासोबत मामांनाच दिला होता.

"तो तर गोदामाईत सोडला," मामा म्हणाले. "आपल्याच अंगाचं मांस, कचऱ्यात कसं टाकायचं? नारळ वाहिला, हात जोडले."

"अहो, विचारायचं तरी! आता मी काय नदी तपासू?"

मामांनी मान खाली घातली. "चुकलं, ताई. पण डबी देताना तुम्ही काय म्हणाला होतात?"

मला आठवलं. रजिस्टर पुढे सरकवत मी म्हटलं होतं, "इथे सही करा. आमचं काम संपलं."