काकांचं हृदय

श्रीवर्धनला आमच्या शेजारी सुपारीची वाडी असलेले एक काका राहतात. हृदयाला रक्त कमी पोचतं म्हणून त्यांनी मुंबईला जाऊन मशीनने छातीवर शॉक वेव्ह मारून घेतल्या. तेव्हापासून ओटीवर येईल त्याच्या छातीवर ते अडकित्त्याच्या दांड्याने टकटक करून दाखवतात. "कापाकापी न्हाय, टाके न्हाय, नुसत्या लाटा!" डॉक्टरांनी सोडायला सांगितलेली तंबाखूही आता मशीनच्या भरवशावर चालू आहे.

परवा माझ्यावर प्रात्यक्षिक चालू असताना काकी चहा घेऊन आल्या आणि छातीला हात लावून उंबऱ्यावरच बसल्या. "चार दिवस झाले, चाललं की दम लागतोय."

"गॅस हाय. ओवा खा," काका मान न वळवता म्हणाले.

मी उठायला लागलो, तर मला खांद्याला धरून खाली बसवलं. "बस रे. काय सांगत होतो? हृदयाची हयगय करायची न्हाय."